मदत हवी आहे : पॉडकास्टचे राखीव भाग कसे सांभाळावेत?

सर्वांना सप्रेम नमस्कार. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील आम्ही सात जण नोकरी-शेती सांभाळून दर रविवारी मराठी पॉडकास्टचा अर्ध्या तासाचा एक भाग प्रसिद्ध करतो. भातलावणीत आणि गणेशोत्सवात ध्वनिमुद्रण ठप्प होते, म्हणून चार भाग राखीव ठेवायचे ठरवले होते. पण वापरलेल्या भागाच्या जागी नवा भाग कोणी भरत नाही आणि उरलेले शिळे होतात. गेल्या आषाढात खानापुरात दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा घाईने लावलेल्या भागात निवेदिका "येत्या गुढीपाडव्याला" असे म्हणत होती. त्याच भागात एका आजींनी जात्यावरच्या ओव्या गायल्या होत्या. त्यांच्या आवाजावर तो अन्यायच झाला, याची खंत अजून जात नाही.

आता प्रास्ताविक वेगळे मुद्रित करून मुलाखतीत सण-तारखा टाळतो. मूळ मोनो वेव्ह फाइल (एकाच ध्वनिमार्गाची, आकार न घटवलेली ध्वनिफाइल) मिनिटाला सुमारे ५ एमबी, म्हणजे भागाला १५० एमबी होत असल्याने साठवणुकीची फारशी अडचण नाही. अडचण जबाबदारीची आहे. राखीव भाग वापरल्यावर तो किती दिवसांत आणि कोणी भरून काढावा? मुद्रित मुलाखत किती महिने राखून ठेवणे योग्य, आणि पाहुण्यांना त्याची कल्पना कशी द्यावी? स्वयंसेवकांवर ओझे न टाकता हे जमवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.