वापरलेली ७१८ केमन घेतोय: मॅन्युअल की पीडीके?

खंबाटकीकर (लेओनबर्ग, जर्मनी)

नमस्कार मंडळी. श्टुटगार्टच्या शेजारी राहतो, मूळ साताऱ्याचा. बरीच वर्षं स्टेशन वॅगन हाकली. पोरं आता आपापल्या सायकली काढून जातात, त्यामुळे दोन सीटची गाडी घ्यायला घरून मंजुरी मिळाली आहे. नजर आहे पोर्शे ७१८ केमनवर, साधी २.० लिटरवाली, ३०० पीएस (अश्वशक्ती). पन्नास हजार युरोच्या आत बसवायचंय.

दोन गाड्या हेरून ठेवल्यात. पांढरी आहे ती सहा गिअरची मॅन्युअल, करडी आहे ती सात गिअरची पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक. किलोमीटर सारखेच, किमतीतही फार फरक नाही.

मन मॅन्युअलकडे ओढतंय. मारुती ८०० वर शिकलो, खंबाटकीत तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून समोरचा ट्रक मागे टाकायचा, ते अजून हातात आहे. पण दोन भानगडी आहेत. एक, रोज सकाळी ए८ आणि ए८१ हे ऑटोबान जिथे मिळतात तिथून जावं लागतं. तिथलं ट्रॅफिक इथल्या लोकांना सांगायला नको. दुसरी, बायकोने इथलं लायसन्स ऑटोमॅटिकवर काढलंय, त्यावर ७८ चा कोड आहे. म्हणजे मॅन्युअल घेतली तर ती कायद्याने चालवूच शकत नाही. ती म्हणते "घे तुला हवी ती", आणि तेवढ्यावर विश्वास ठेवायला मी काही नवा नवरा नाही.

शनिवार-रविवारी श्वार्त्सवाल्डमधला बी ५००, नाहीतर श्वेबिशे आल्बकडचे रस्ते. ट्रॅकवर जाणार नाही. काय करू?

कोथरूडचा_क्लच

मॅन्युअल. विषय संपला.

स्पोर्ट्स कार घेऊन गिअर गाडीनेच टाकायचे असतील तर रिक्षा करावी आणि मागे निवांत बसावं. फक्त तिकडे दांडा उजव्या हाताला येतो. मी भाड्याची गाडी घेतली होती तेव्हा डावा हात सारखा दारावर आपटत होता. तुम्हाला एव्हाना सवय झाली असेल.

सात_हजार_आरपीएम (म्युनिक)

भावना बाजूला ठेवून आकडे बघू. ०-१०० मॅन्युअल ५.१ सेकंद, पीडीके ४.९, आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेज असेल तर ४.७. टॉप स्पीड दोन्हींचा २७५. पीडीके म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला (तेलातून ताकद पोचवणारा) जुना ऑटोमॅटिक नव्हे. आत दोन क्लच असतात, एकावर १-३-५-७ आणि रिव्हर्स, दुसऱ्यावर २-४-६. पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, फक्त क्लचची अदलाबदल होते. पोर्शेने हे ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांत वापरून पाहिलं आणि २००८ मध्ये रस्त्यावरच्या ९११ ला दिलं. २०१३ ची जीटी३, म्हणजे ९११ चीच रेसिंगकडे झुकणारी आवृत्ती, तर फक्त पीडीकेमध्येच आली. बनवणाऱ्यांनीच कौल दिलाय.

कोथरूडचा_क्लच

अर्धीच गोष्ट सांगितलीत साहेब. त्या जीटी३ वर लोक किती चिडले तेही सांगा. २०१६ मध्ये ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या, सगळ्या मॅन्युअल, आणि नंतर मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या गेल्या. मग २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल गुपचूप परत आली. कौल तो होता.

डबलक्लच

तुम्ही दोघं भांडा, मी मूळ प्रश्नाचं बघते.

बोडनसेच्या काठावर गिअरबॉक्सच्या चाचण्यांचं काम करते. कुठे, ते विचारू नका. वडील एसटीत चालक, नाशिक डेपो, कसारा घाट वर्षानुवर्षं. त्यांच्या उमेदीच्या काळात खालचा गिअर टाकायचा तर क्लच मारून न्यूट्रल, मग ॲक्सिलरेटर, मग पुन्हा क्लच. माझं इथलं नाव त्यावरून आहे. मॅन्युअलशी माझं वैर नाही एवढं लक्षात ठेवा आणि पुढचं वाचा.

या गाडीत पीडीके घ्या.

कारण दांड्यात नाही, दात्यांत आहे. ७१८ च्या मॅन्युअलचे गिअर फार लांब आहेत. ७१८ च्याच ४.० लिटरच्या जीटीएसमध्ये दुसरा गिअर ७,८०० आरपीएमपर्यंत ताणलात तर काटा १३० ओलांडतो. दुसरा हं! तुमच्या २.० मध्ये चित्र फार वेगळं नाही. आता तुमचा बी ५०० घ्या. गावाबाहेर कायद्याने १००, कित्येक पट्ट्यांत त्याहून कमी. म्हणजे अख्खी सकाळ दुसऱ्या-तिसऱ्यात जाणार आणि लायसन्स शाबूत ठेवायचं असेल तर दुसराही पुरता ओढता येणार नाही. ज्या दांड्यासाठी मॅन्युअल घेतली तो हलवायचं निमित्तच क्वचित मिळेल. खंबाटकीत ८०० चा गिअर बदलावा लागायचा, कारण ती नाहीतर चढायचीच नाही. ती मजा गरजेतून येत होती.

इंजिनही तसंच. ३८० न्यूटन मीटर टॉर्क १,९५० आरपीएमला हजर, तो ४,५०० पर्यंत सपाट. गिअर कुठलाही असो, पाय दिला की गाडी निघते. चुकीच्या गिअरची शिक्षाच होत नसेल तर बरोबर गिअर टाकल्याचं सुख कुठून येणार? पीडीकेला हे लांब गिअर कमी बोचतात, कारण एकाच्या ऐवजी दोन गिअर खाली उतरायला तिला क्षण पुरतो आणि तुमचं लक्ष वळणावर राहतं. टॉप स्पीड ती सहाव्यातच गाठते, सातवा ऑटोबानवर इंजिन शांत ठेवून पेट्रोल वाचवायला.

आता उलटं. मॅन्युअलच हवी, तीच हौस आहे, असं असेल तर गाडी बदला. माझदा एमएक्स-५ बघा, २०१८ च्या शेवटानंतरची २.० लिटर, १८४ पीएस. टर्बो नाही, टॉर्क २०५, इंजिन ७,५०० पर्यंत फिरतं, वजन हजार-अकराशे किलो. तिचा दुसरा शंभरच्या आसपास संपतो. शंभरच्याच रस्त्यावर पहिला, दुसरा, तिसरा तिन्ही राबवावे लागतात, वळणाआधी खालचा टाकला नाही तर बाहेर पडताना गाडी हिरमुसते. त्या गाडीत मी कुणाला ऑटोमॅटिक सुचवणार नाही, तिथे तो सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला आहे आणि मूळ गंमतच पुसून टाकतो. तुमचे निम्मे पैसेही वाचतील. म्हणून "मॅन्युअल की ऑटोमॅटिक" हा प्रश्न गाडी ठरवल्याशिवाय विचारूच नये असं माझं मत. म्युनिकचे दादा, ५.१ आणि ४.९ मधला फरक तुम्ही नेमक्या कुठल्या सिग्नलवर दाखवणार आहात?

ट्रॅफिकबद्दल एक. पीडीकेत टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणजे रांगेत सरकताना क्लचच घसरत असतो. तेलात बुडालेला असल्यामुळे सोसतो, पण छळू नका. इंच-इंच पुढे घेऊ नका, ब्रेकवर उभे राहा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की सोडा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आधी मोडा. आणि उतारावर दांडा मॅन्युअलकडे ढकलून गिअर स्वतः धरा. वडील सांगायचे, ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर. ते पीडीकेलाही लागू आहे.

वहिनींचा ७८ कायमचा नाही. २०२१ च्या एप्रिलपासून इथे बी १९७ आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअल गाडीवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा तास आणि शेवटी शाळेच्याच शिक्षकाकडे पंधरा मिनिटांची चाचणी. सरकारी परीक्षा पुन्हा नाही. आधी ऑटोमॅटिकवर काढलेल्यांनाही नंतर करता येतं. म्हणजे पीडीके घेताना वहिनींचं नाव पुढे करू नका, तुम्हाला हवी म्हणून घ्या.

सात_हजार_आरपीएम

सिग्नलवर नाही हो, कागदावर. 😀 गिअर रेशोचा मुद्दा मात्र पटला. जीटीएस ४.० ची टेस्ट ड्राइव्ह घेतली होती. तिसरा टाकायला मन होत नव्हतं, कारण दुसऱ्यातच कायदा मोडत होता.

कोथरूडचा_क्लच

ताई, पटतंय पण आवडत नाहीये. पेट्रोलवाली ७१८ युरोपात २०२४ मध्ये जवळजवळ सगळी विक्रीतून गेली, सायबरसुरक्षेच्या नियमांमुळे. उद्या मॅन्युअल केमनला सोन्याचा भाव आला तर?

डबलक्लच

आला तर सहा सिलिंडरवाल्यांना आधी येईल, म्हणजे ७१८ च्या जीटी४ आणि ४.० लिटरच्या जीटीएसला. साध्या चार सिलिंडरवाल्यावर मी पैसे लावणार नाही. आणि ते वळणावर गाडी चालवणार आहेत, कुलुपात ठेवून भाव बघत बसणार नाहीत.

खंबाटकीकर

सगळ्यांचे आभार. ताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. दहा तास शिकायला तिला वेळ नाही म्हणे, आणि "वहिनींचं नाव पुढे करू नका" हे वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावलं.

एमएक्स-५ मध्ये बसून पाहिलं. मी सहा फुटी, गुडघा स्टीअरिंगला लागतो आणि डिकी साधारण १३० लिटरची. केमनला पुढे-मागे दोन डिक्या आहेत, दोघांचं सामान घेऊन इटलीला जाता येईल. तेव्हा केमनच, आणि आता मन करडीकडे झुकलंय. पण सहा महिन्यांत पीडीकेचा कंटाळा आला तर? आणि शनिवारी दोन्ही गाड्या चालवणार आहे, काय तपासू?

डबलक्लच

कंटाळा येऊ शकतो. साध्या मोडमध्ये ती उत्सर्जनाच्या नियमांपायी वरचा गिअर फार लवकर पकडते आणि झोपाळू वाटते. स्पोर्टमध्ये टाकलीत की वेगळी गाडी. तरीही आला कंटाळा, तर त्यावर माझ्याकडे औषध नाही.

शनिवारी दोन्ही गाड्या थंड असताना सुरू करा. विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका म्हणून. मॅन्युअलमध्ये पाचव्यात, दोन हजार आरपीएमच्या आसपास असताना पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वर उडाले आणि वेग मागे राहिला तर क्लच गेलाय. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली काढावाच लागतो, मजुरी चांगली लागते. पीडीकेत डी आणि आर मध्ये दोन-चार वेळा बदलून बघा, गिअर उशिरा लागतो का, धक्का देतो का. पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने सरकवा, थरथर नको. शेकहेफ्टमध्ये (सर्व्हिसच्या नोंदवहीत) पीडीकेचं तेल बदलल्याची नोंद शोधा. आणि ऑटोबानवर नका नेऊ, तिथे दोन्ही सारख्याच छान वाटतील. गावाबाहेरचा वळणांचा रस्ता पकडा.

खंबाटकीकर

करडीच्या मालकाला आत्ताच फोन केला. सर्व्हिस वेळच्या वेळी आहेत, पण पीडीकेच्या तेलाची नोंद सापडत नाही म्हणतो. "झालंच असेल" म्हणाला. किती कमी करून मागू?

डबलक्लच

"झालंच असेल" म्हणजे झालेलं नाही असं धरून चला. आधी अधिकृत वर्कशॉपकडून तेल आणि फिल्टरच्या कामाचं कोटेशन लेखी घ्या, तो कागद त्याच्यासमोर ठेवा आणि तेवढे पूर्ण कापून मागा. कुरकुरला तर म्हणावं, तूच करून दे, पावती शेकहेफ्टमध्ये लाव, मग पैसे देतो. "गाडी घ्या, नंतर बघू" याला हो म्हणू नका.