जिप्सी: फोर-लो मध्ये दांडा निसटतो. मदत हवी आहे, लवकर

बावडा_घाट
नमस्कार मंडळी. जिप्सी आहे. फोर-लो मध्ये (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) टाकून चढाला लावली की ट्रान्सफरचा, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याचा, दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. शिवाय हल्ली आवाज येतोय. मिस्त्री म्हणतो ट्रान्सफर केस संपला, अख्खा बदला, त्याच्याकडे भंगारातला एक आहे, तो लावून देतो. पैसे मात्र नव्यासारखे सांगतोय. घ्यावा का? जूनच्या आत गाडी उभी राहायला पाहिजे. गगनबावड्याचा पाऊस माहीत असेलच, एकदा सुरू झाला की शेतावर दुसरं काही जात नाही. ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनीच सांगा.

ग्रीसहात
कुठली जिप्सी? जुनी एक लिटरची की १.३ लिटरची किंग? साल? टायर कुठले? आवाज टू-हाय मध्येही (फक्त मागच्या चाकांना जोर) येतो की फक्त फोर मध्ये? अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बदलतो का? ऑइल शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं?

बावडा_घाट
किंग आहे, ९८ ची, कार्ब्युरेटरवाली. टायर कंपनीच्याच मापाचे, चारही एकदम घेतलेले. आवाज सगळीकडे येतो. ऑइल मिस्त्री बघतो. मी एवढंच विचारलंय की केस घ्यावा का.

सातारी_थार
विका आणि थार घ्या. जुन्या गाडीत घातलेला पैसा परत येत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, त्याची वेगळीच कटकट.

रानवाट
थारवाले सगळीकडे हेच सांगतात. जिप्सी रिकामी हजार किलोच्या आतबाहेर. भाताच्या खाचराच्या कडेने ती जिथून जाईल तिथे तुमची थार पोटावर बसेल. पासिंगचं म्हणाल तर दोनदा केलंय, गाडी नीट असेल तर होतं.

सातारी_थार
माझी अजून बसली नाही कुठे. असो.

पर्थवासी
इथे ऑस्ट्रेलियात हीच गाडी सिएरा नावाने होती, अमेरिकेत सामुराई. माझ्याकडे दहाएक वर्षं होती. केस उघडणारच असाल तर नुसती दुरुस्ती कशाला? कमी रेशोचा गिअर सेट घाला, त्याच केसमध्ये बसतो. लो इतका खाली जातो की उतारावर ब्रेकला पाय लावावा लागत नाही. मी घातला आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

रानवाट
साहेब, तो सेट बाहेरून मागवून, कस्टम ड्युटी भरून हातात येईस्तोवर यांची भातलावणी उरकलेली असेल.

ग्रीसहात
गिअर सेटचं नंतर बघू. बावडा_घाट, घरच्या घरी हे करा. गाडी सपाटीला उभी, हँडब्रेक, चाकांना दगड. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्स चौथ्यात, क्लच हळू सोडा. गाडी हलणार नाही. आता फक्त गिअरबॉक्स, मधला छोटा प्रॉपेलर (फिरता शाफ्ट) आणि ट्रान्सफरचा इनपुट एवढंच फिरतंय. आवाज आला तर दुखणं त्या तिघांत. नाही आला तर पुढे बघायचं: आउटपुटची बेअरिंग, प्रॉपेलरचे क्रॉस, डिफ्रन्शल (एक्सलवरचा, डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणारा). रस्त्यावर ओढताना आवाज आणि पाय उचलला की बंद, किंवा उलट, असं असेल तर माझा पहिला संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफ्रन्शलमधल्या गिअरच्या जोडीवर.

दांडा निसटण्याचं वेगळं. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, तो चॅसीवर तीन रबर फाउंडेशनवर स्वतंत्र लटकतो. एखादं रबर फाटलं की लो मध्ये जोर आल्यावर अख्खा केस पीळ खातो आणि दांडा बाहेर फेकला जातो. केस उघडण्याआधी रबरं बघा. कोणीतरी गाडीत बसून, पाय ब्रेकवर ठेवून, लो-फर्स्टमध्ये क्लच जरासा चावेपर्यंत सोडायचा. तुम्ही बाजूला उभे राहून मोबाईल खाली धरून व्हिडिओ काढायचा. गाडीखाली झोपू नका. केस बोटभर उचलला जात असेल तर रबरं गेली. रबरं ठीक असतील तर मग गिअर जागेवर धरून ठेवणारं आतलं: बॉल-स्प्रिंग, फोर्क, स्लीव्हचे गोल झालेले दात.

डिझेल_दिनकर
माझ्या मेव्हण्याने जिप्सीत डिझेल इंजिन बसवलंय, मायलेज जवळपास दुप्पट. पेट्रोलच्या या भावात जिप्सी पाळणं म्हणजे हत्ती पाळणं. विचार करा.

रानवाट
दिनकरराव, प्रश्न ट्रान्सफरचा आहे. आणि ते इंजिन आरसीवर चढवलंय का मेव्हण्यांनी?

डिझेल_दिनकर
ते त्यांचं ते बघतील.

उद्यमनगर_लेथ
भंगारातला केस आंधळा घेऊ नका. तुमचा गेलाय तसाच तोही कोणाचा तरी गेलेलाच. त्यापेक्षा स्वतःचा उघडा. बेअरिंगवर नंबर छापलेला असतो, तो बघून कोल्हापुरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलचं मापही त्यावरच असतं. शाफ्टवर सीलने खाच पाडली असेल तर लेथवर स्लीव्ह चढवून मिळते. अडेल ते गिअरला. दात उडालेला गिअर वेल्डिंगने भरून घासून देणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. हे मी लेथवाला असून सांगतोय.

मुळशी_मावळ
ऑइल बदलून बघितलं का आधी? जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल टाका, ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ टाकलंत तर पितळ खाऊन टाकतं.

उद्यमनगर_लेथ
पितळ सिंक्रोमध्ये (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगमध्ये) असतं, म्हणजे गिअरबॉक्समध्ये. ट्रान्सफरमध्ये सिंक्रो आहे कुठे? तिथे काय खाणार?

मुळशी_मावळ
आमच्याकडे सगळीकडे जीएल-४ च टाकतात.

उद्यमनगर_लेथ
डिफ्रन्शलमध्येपण? हायपॉइड क्राउन-पिनियनला जीएल-५ च लागतं. दात एकमेकांवर घसरत चालतात, साध्या ऑइलची फिल्म तिथे टिकत नाही.

मुळशी_मावळ
वीस वर्षं चाललीय गाडी.

ग्रीसहात
ऑइलचं भांडण दुसरीकडे न्या. ट्रान्सफरमध्ये ०.८ लिटर मावतं, एक लिटरही नाही, म्हणून थोडी गळती झाली तरी लगेच कोरडा पडतो. आणि ड्रेनचा बोल्ट खोलण्याआधी वरचा भरायचा बोल्ट खुलतोय का ते बघा. खालून सगळं सांडून ठेवल्यावर वरचा जाम निघाला की गाडी जागेवरच बसते.

बावडा_घाट
न्यूट्रलमध्ये आवाज नाही. रस्त्यावर ओढताना येतो, सोडली की कमी. व्हिडिओ काढला. केस चांगलाच हलतोय, मागचं रबर पार फाटलंय. म्हणजे नुसतं रबर बदलून भागेल? मिस्त्री म्हणतो रबराने काही होत नाही, केसच संपलाय.

अजून एक. फोर मधून परत टू ला आणताना दांडा जाम होतो, दोन माणसं लागतात. थोडं रिव्हर्स घेतलं की सटकन सुटतो. हे पण केसमुळेच ना?

रानवाट
डांबरी रस्त्यावर फोर लावून फिरता काय? जिप्सीत मधला डिफ्रन्शल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कडक रस्त्यावर त्यांना घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ ट्रान्सफरमध्ये साठतो. रिव्हर्स घेतलं की पीळ उलगडतो.

बावडा_घाट
नाही हो. पुढच्या चाकांना जोर जावा म्हणून हब लॉक करतो तेच मुळी शेताच्या फाट्यावर. तिथून कच्चा रस्ता. एवढं कळतं.

ग्रीसहात
कच्च्यावर सरळ चालवून एवढा पीळ साठत नाही. पुढचा किंवा मागचा डिफ्रन्शल कधी बदललाय का?

बावडा_घाट
मागचा बदललाय गेल्या दिवाळीत, पिनियनचे दात उडाले होते. याच मिस्त्रीने जुन्या एक लिटरच्या जिप्सीचा अख्खा आणून बसवला, फिट बसला. त्याचा काही त्रास नाही, उलट तेव्हापासून पिकअप चांगला झालाय. ट्रान्सफरशी त्याचा संबंध नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

उद्यमनगर_लेथ
अरे देवा.

ग्रीसहात
पिकअप उगाच वाढत नाही. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलरच्या किती फेऱ्या, तो बदललाय. म्हणजे फोर मध्ये पुढची चाकं एका वेगाने आणि मागची दुसऱ्या वेगाने फिरायला बघताहेत आणि दोघांना बांधून ठेवलाय तुमच्या ट्रान्सफरने. रबर त्यानेच फाटलं असणार, स्लीव्हचे दातही त्यानेच गोल झाले असतील. केस बदलला तर पुढच्या पावसाळ्यात तोही जाईल.

खात्री करा. ट्रान्सफर टू-हाय, गिअरबॉक्स न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, जॅकशेजारी घोडी (आधाराचा स्टँड) लावा. प्रॉपेलरवर आणि चाकावर खडूची खूण करा. चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा, प्रॉपेलरच्या फेऱ्या मोजा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे दोन फेऱ्यांचाच हिशेब एक पूर्ण रेशो देतो. मग तेच पुढे, हब लॉक करून, मागच्या चाकांना दगड आणि हँडब्रेक ओढून. दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत.

पर्थवासी
रेशो बदलायचाच असेल तर पुढचाही एक लिटरचा घाला, दोन्ही सारखे. मोठे टायर टाकायला मोकळे.

रानवाट
यावेळी पर्थवाल्यांचं पटलं, मोठे टायर सोडून.

बावडा_घाट
मोजलं. मागे चार फेऱ्या होऊन वर थोडं. पुढे चारला कमी पडतं. मुलाने पुन्हा मोजलं, तेच. मिस्त्रीला फोन केला तर म्हणतो थोडा फरक चालतो, कच्च्या रस्त्याला कळत नाही.

आता नक्की काय करू ते एका ओळीत सांगा.

ग्रीसहात
एका ओळीत: भंगारातला केस घेऊ नका, आधी पुढचा-मागचा रेशो जुळवा, तीनही रबरं नवी टाका, मग लो मध्ये चढवून बघा. तरी निसटला तर केस उघडून स्लीव्ह आणि फोर्क. तोपर्यंत हब फ्री ठेवा, फोर लावू नका. ओढतानाचा आवाज बहुतेक त्याच मागच्या डिफ्रन्शलचा, क्राउन-पिनियन नीट शिमने (पातळ चकत्यांनी) बसवलेली नसणार.

उद्यमनगर_लेथ
मागचा किंगचाच मिळाला तर बरं, स्पीडोमीटरही खरं बोलेल. ट्रान्सफरवरून केबल जाते ना. पुण्यात नाना पेठेत विचारा. जाताना पुढच्या क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजून कागदावर लिहून न्या, दुकानदार 'किंगचंच आहे' म्हणाला तरी काउंटरवर उभं राहून मोजा. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यायची, एक इथून एक तिथून नाही.

डिझेल_दिनकर
डिझेल इंजिन बसवणार असाल तर रेशो त्या हिशेबाने ठरवा.

बावडा_घाट
ठीक. पुण्याला माणूस पाठवतोय. रबरं इथे मिळाली. पुढच्या उजव्या चाकाच्या आत, नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोलावरून काळं पातळ काहीतरी गळतंय, ते पण याच्यामुळेच का?

ग्रीसहात
नाही. एक्सलचं आतलं ऑइल सील गेलंय, डिफ्रन्शलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतंय. पुढचा डिफ्रन्शल दात मोजायला उघडणारच आहात, तेव्हाच करून घ्या. बाकीचं विचारायला नवा धागा काढा आणि त्यात साल, टायर, काय काय बदललंय ते पहिल्याच ओळीत लिहा.