विषय: पुन्हा: रविवारचा चित्रवर्ग – चित्र हलतंय!!

मंडळी,
रविवारी काका इथून गिरगावातून तुमच्याकडच्या मुलांना ऑनलाइन चित्रकला शिकवणार, त्याच्या ट्रायलला काय झालं ते पाहिलंतच. फोनचा क्लॅम्प ज्या टेबलाला, त्याच टेबलावर काका चित्र काढतात. त्यांनी शेडिंग घ्यायला हात लावला की तुमच्याकडे भूकंप. लॅमिंग्टन रोडवरून जड स्टँड आणू का? आजच सांगा. आणि कृपया ‘ओरिगामीला असं झालं नव्हतं’ हे नको.
– सचिव (मुक्काम गिरगाव)

ओरिगामीला असं खरंच झालं नव्हतं. नव्या स्टँडचं बिल मंडळाकडे पाठवू नये. गणपतीतल्या माइकच्या केबलचा हिशेब अजून यायचाय.
– खजिनदार

केबलचा हिशेब दसऱ्यालाच पाठवलाय. स्पॅम बघा.
– माजी सांस्कृतिक

हलण्याचं सोडा, त्या वरून खाली सरकणाऱ्या काळपट पट्ट्यांचं बोला. सचिवांचा फोन इकडचा, अमेरिकेतला, ६० हर्ट्झच्या विजेला सेट केलेला. तिकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्ट्या जातील. दुसरं, काकांचा हात आला की कागद उजळतो, हात काढला की राखाडी पडतो. कोऱ्या कागदावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (फोन किती उजेड घेतो ते) लॉक होतं. दिवा बाजूने घ्या, डोक्यावरून नको. ६बी पेन्सिलीची शिसं चकाकतात, गडद भाग पांढरा दिसतो. हे मी जूनमध्येही लिहिलं होतं.
– टेक समिती (म्हणजे मी एकटाच)

अगं, त्या खोलीत वर पाळण्याची कडी असेल ना? आमच्या चाळीत घरोघरी होती. माझा, भावाचा, मग भाच्याचा पाळणा तिलाच. पुढे वीस वर्षं तिला केळ्यांचा घड टांगायचो. फोन तिला बांधा की!
– मालतीआजी

आजी, टांगलेला फोन गोल फिरेल. मुलांना चक्कर येईल.
– टेक समिती

आमचे पाळण्यात फिरायचे नाहीत हो.
– मालतीआजी

एक मुद्दा सगळेच विसरताहेत. रविवारी पहाटे इथली घड्याळं तासभर मागे जातात. आपले सकाळचे १० म्हणजे मुंबईत रात्रीचे ८:३०, फ्लायरवर छापलेत तसे ७:३० नव्हेत. फ्लायर कोणी केला ते विचारत नाही.
– खजिनदार

झालं काम. कडी आहे, पण तिला काकूंचा कांद्यांचा झेला. म्हणून दोन कपाटांवर काकांची जुनी फळी आडवी टाकली, फोन तिच्या कडेला बांधला. आता टेबल हललं तरी चित्र हलत नाही. खर्च शून्य (खजिनदारांनी नोंद घ्यावी). फोन पालथा धरला की त्याला वर-खाली कळेना, चित्र उलटं व्हायचं, म्हणून रोटेशन लॉक केलं. पट्ट्याही गेल्या. पण पंख्याच्या पात्यांची सावली कागदावर भिरभिरते, त्यामुळे पंखा बंद. इथली ऑक्टोबर हीट तुम्ही विसरला असाल, काका विसरलेले नाहीत.

८:३० ला ते जेवतात. इथल्या ७:३० ला, म्हणजे तुमच्या ९ ला या. दुसरं, काका विचारतात, मुलं नक्की किती? ट्रायलला चौघे होतात, त्यातले तीन साठीच्या पुढचे.
– सचिव