मदत हवी आहे: रविवारचा शो रद्द, तिकिटांचे पैसे कसे परत मिळवायचे? (तातडीचे)

मेघना_केरी | ८ एप्रिल २०१६
रविवारचा शो रद्द झाल्याचं एव्हाना सगळ्यांना कळलंच असेल. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत आणि विकणारा फोन उचलत नाहीये. दीर उद्या सकाळच्या विमानाने निघतायत, त्यांना येऊ देऊ की थांबवू? पैसे परत मिळायचा काही मार्ग आहे का? प्लीज लवकर सांगा. कायदा बरोबर की चूक यावर चर्चा नको, ती घरी चालू आहेच.

वरणभात_तूप
कसला शो? कोणाचा? कुठे? आम्ही लातुरात बसलोय, इथे सध्या टँकर सोडून कशाचीच चर्चा नाही.

निनाद_शार्लट
रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, ग्रीन्सबरो कोलिझियम, १० तारीख. आजच रद्द केल्याचं जाहीर केलंय. कारण अमेरिकेतल्या आमच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा नवा कायदा, हाउस बिल २. २३ मार्चला एका दिवसाचं खास अधिवेशन बोलावून विधेयक मांडलं, मंजूर केलं आणि गव्हर्नर मॅक्रोरींनी त्याच रात्री सही केली. सरकारी इमारती आणि शाळांमध्ये जन्मदाखल्यावर जे लिंग असेल त्याच स्वच्छतागृहात जायचं, असा नियम. ट्रान्सजेंडर लोकांना संरक्षण देणारा आमच्या शार्लट शहराचा ठराव त्याने रद्द झाला.
तिकिटं जिथून घेतली तिथूनच पैसे परत मिळणार आहेत. तुम्ही कुठून घेतलीत ते लिहिलंच नाहीत.

मेघना_केरी
ह्यांच्या ओळखीतल्या एकांकडून.

निनाद_शार्लट
अहो, ओळखीतले म्हणजे? छापील किमतीला की चढ्या भावाने? कागदी तिकिटं की पीडीएफ? पैसे कसे दिले?

मेघना_केरी
पीडीएफ. छापील १५० डॉलर, आम्ही दिले २६० प्रत्येकी. पेपालने. 'फ्रेंड्स अँड फॅमिली' करा म्हणजे फी वाचते, असं तेच म्हणाले. याने काय फरक पडतो?

निनाद_शार्लट
सगळा फरक त्यानेच पडतो. तो पर्याय निवडला की खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. आणि हॉल पैसे परत देणार ते ज्याच्या कार्डावर मूळ खरेदी झाली त्याला. म्हणजे तुमचे ५२० त्या गृहस्थांकडे आहेतच, वर हॉलचे ३०० पण त्यांनाच. त्यांना आजच लेखी मेल टाका, फोनवर बोलणं नको. तिकिटांचे नंबर लिहा.

हेमू_कॅलिफोर्निया
मेल बिल टाकत बसू नका. क्रेडिट कार्डाला फोन करून सरळ चार्जबॅक टाका, म्हणजे विकणाऱ्याकडून पैसे परत ओढायला लावा. मी दर वेळी हेच करतो, दर वेळी पैसे येतात.

निनाद_शार्लट
हेमू, त्यांनी पेपालला बँक खातं जोडलं होतं की कार्ड, हे तरी विचार आधी. आणि चार्जबॅक कोणावर? नवऱ्याच्या मित्रावर?

हेमू_कॅलिफोर्निया
५२० डॉलर घेऊन फोन न उचलणारा मित्र नसतो.

अवधूत_पुणे३०
बाकी काही म्हणा, पण कलाकाराने लोकांना का वेठीस धरावं? कायदा आमदारांनी केला. फटका बसला तो तिकीट काढणाऱ्याला, हॉलमधल्या पार्किंगवाल्याला आणि पॉपकॉर्न विकणाऱ्या पोरांना. गाऊन स्टेजवरून सुनवायचं ना!

शर्वरी_के
स्टेजवरून सुनावलेलं बातमीत येत नाही. ऐन दोन दिवस आधी रद्द केलं म्हणून तर तुम्ही पुण्यात बसून या कायद्यावर बोलताय. शिवाय त्यांच्या बँडमधल्या स्टीव्ही व्हॅन झँटनीच १९८५ मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध कलाकार गोळा केले होते, दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत गाणार नाही म्हणून. या माणसांना हे नवं नाही.

अवधूत_पुणे३०
मुंबईत गेल्या ऑक्टोबरात गुलाम अलींचा षण्मुखानंदमधला कार्यक्रम रद्द झाला तेव्हा हेच लोक गळचेपी म्हणून ओरडत होते.

शर्वरी_के
तो धमक्या देऊन रद्द करायला लावला. इथे गाणाऱ्याने स्वतः नकार दिलाय. तुलना करायचीच तर आणीबाणीतल्या किशोरकुमारची करा: सरकारी प्रचारात गायला नकार दिला आणि आकाशवाणीवर गाणी बंद झाली.

वरणभात_तूप
आणि कराडच्या संमेलनात दुर्गाबाई! अध्यक्षपदावर असूनही बोलल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो…

मेघना_केरी
दीर. विमान. उद्या सकाळी. कोणी सांगेल का?

हेमू_कॅलिफोर्निया
येऊ द्या. स्वस्तातलं तिकीट असेल तर त्याचा परतावा तसाही मिळायचा नाही.

सुलभा_मावशी | १२ एप्रिल २०१६
माझा भाचा तिकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत आहे. ड्यूश बँकेने तिथली २५० नोकऱ्यांची वाढ थांबवली म्हणे, त्याआधी पेपालने शार्लटचं ४०० नोकऱ्यांचं केंद्र रद्द केलं. त्याने आता घर घ्यावं की थांबावं? एच-वनवर आहे.

निनाद_शार्लट
मावशी, वेगळा धागा काढा. पण एक सांगतो, या कायद्यात स्वच्छतागृहाशिवायही बरंच आहे. शहरांना खासगी कंपन्यांसाठी स्वतःचं किमान वेतन ठरवायला बंदी त्यातच घुसवलीय. त्यावर कोणी बोलत नाही.

हेमू_कॅलिफोर्निया
ब्रायन अ‍ॅडम्सनेही तुमच्याकडचा शो रद्द केला ना?

शर्वरी_के
नाही. त्याचा मिसिसिपीतला, बिलॉक्सीचा. तिथला कायदा वेगळा: धार्मिक श्रद्धेचं कारण देऊन समलिंगी जोडप्यांना सेवा नाकारायची मुभा.

मेघना_केरी | १९ एप्रिल २०१६
फोन आला त्यांचा. हॉलचे पैसे आले की छापील किंमत देतो म्हणाले. वरचे प्रत्येकी ११० 'बाजारभाव' होते म्हणे, ते मिळणार नाहीत. इकडे रिंगो स्टारनेही १८ जूनचा शो रद्द केला, आमच्या घराजवळच्या कोका बूथला होता. काल पर्ल जॅम बँडने उद्याचा रॅली शहरातला. आता ४ जूनची सिंडी लॉपर घ्यावी का?

शर्वरी_के
ती येणार आहे. तिने रद्द न करता नफा समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'इक्वालिटी नॉर्थ कॅरोलायना' संस्थेला द्यायचं ठरवलंय. माझ्या मते हाच जास्त शहाणपणाचा मार्ग, अवधूत खूश होतील. तिकीट मात्र थिएटरच्या खिडकीवरूनच घ्या.

अवधूत_पुणे३०
मी हेच पहिल्या दिवसापासून म्हणतोय. पण ऐकतं कोण?

निनाद_शार्लट
वरच्या ११० चंही मेलमध्ये लिहा. कार्यक्रमच झाला नाही तर बाजारभाव कसला? तो तुमचं नुकसान भरत नाही, स्वतःचा नफा राखतोय.

हेमू_कॅलिफोर्निया
चार्जबॅक.

आदित्य_डरहम | २ एप्रिल २०१७
धागा वर काढतोय. परवा ३० मार्चला हाउस बिल २ रद्द झालं, जागी हाउस बिल १४२ आलं. मॅक्रोरी नोव्हेंबरात हरले, सही नव्या गव्हर्नरांची, रॉय कूपरांची. मधल्या वर्षात एनबीएचा ऑल-स्टार सामनाही शार्लटहून न्यू ऑर्लिन्सला गेला. माझ्या मते गाणाऱ्यांपेक्षा बास्केटबॉलनेच या राज्याला जास्त घाम फोडला. मेघनाताई, पैसे मिळाले का?

मेघना_केरी
३०० मिळाले, जूनमध्ये. २२० चं नाव काढत नाहीत. मंडळाच्या दिवाळीला शेजारीच बसले होते, चिवडा दोनदा मागून घेतला.

हेमू_कॅलिफोर्निया
मी तेव्हाच सांगितलं होतं.

सुलभा_मावशी
भाच्याने घर घेतलं. आता कायदा रद्द झाला म्हणजे शार्लटचा तो जुना ठराव परत लागू झाला का?

निनाद_शार्लट
नाही मावशी. नव्या कायद्याने शहरांना तसे ठराव करायला डिसेंबर २०२० पर्यंत बंदी घातली आहे.