बोटीवर राहताना मासेमारी आणि भटकंती दोन्ही कसं जमवता?

भटकंशीड: आम्ही चौघं मित्र सध्या शिडाच्या बोटीवरच राहतोय. बोट चालू असताना मागे गळ सोडतो पण मासा लागला तरी ओढेपर्यंत सुटतो, चांगला रॉड घ्यावा का? आणि नांगर टाकला की सगळ्यांनाच डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) घेऊन भटकायला जायचं असतं, मागे कोण थांबणार यावरून रोज भांडणं. बोट एकटी सोडली तर चालते का?

जुनानांगर: रॉडचं सोडा. जाड हातदोरी घ्या आणि तिला मध्ये ताणलं जाणारं रबर लावा, मासा झटका देतो तेव्हा रबर ताणतं म्हणून तोंड फाटून गळ निसटत नाही. 5 ते 7 नॉट (ताशी साधारण 9 ते 13 किमी) वेग ठीक, पण मासा लागला की बोट हळू करा, तुमचे मासे बहुतेक तिथेच सुटतायत. दोरी हाताला गुंडाळायची नाही, हातमोजे घालायचेच.

खारटपाणी: लागलेलं सगळं खाऊ नका रे! गरम समुद्रात प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे, बाराकुडा वगैरे, यांच्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं. ते सूक्ष्म शैवालातून लहान माशात, तिथून मोठ्यात साठत जातं, शिजवून किंवा गोठवून जात नाही, वास नाही चव नाही. तिथल्या कोळ्यांना विचारा ते काय खातात. ट्यूना मिळाला तर लगेच रक्त काढून बर्फात, उन्हात पडला की हिस्टामिन नावाचं बाधा करणारं रसायन तयार होतं आणि तेही शिजवून जात नाही.

जुनानांगर: हां, आणि बोटीचं. भरतीची खोली अधिक बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची, याच्या निदान पाचपट साखळी सोडा, इंजिन मागे चालवून नांगर रुतला का बघा, मग किनाऱ्यावरच्या खुणा धरून तासभर लक्ष ठेवा. नवीन जागा किंवा वारा फिरणार असेल तर एकजण बोटीवर, पाळी लावा, माझ्या मते यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. डिंगीत वल्ही आणि हातातला व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) हवाच, इंजिन नेमकं ओहोटीच्या ओढीतच बंद पडतं 😄

भटकंशीड: पाळी आजपासून. रबर रेलिंगला बांधलं तर चालेल ना?

जुनानांगर: नको, मोठा मासा रेलिंग वाकवेल. मागच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या पक्क्या खुंटीला बांधा.