चर्चा: धबधब्याचे धुरकट फोटो ही कला की पाण्याची लपवाछपवी?

सत्तरीकर
मृगाची सर पडली की व्हॉट्सॲपवर एकच फोटो फिरायला लागतो. काळा ओला कातळ, पोपटी रान आणि मधून धुरासारखा उतरणारा पांढरा लोट. गोव्यातल्या चोर्ला घाटातला असो, हिवऱ्याचा असो की नेत्रावळीचा, खाली नाव लिहिलं नाही तर काढणाऱ्यालाही ओळखता येणार नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच), शटर दोन-चार सेकंद उघडं. झाला फोटो.

माझी तक्रार तो सुंदर दिसतो ही नाही. शटर दोन सेकंद उघडं राहिलं की तेवढ्या वेळात कातळाच्या ज्या ज्या भागावरून पाणी एकदा तरी सरकलं तो सगळा भाग पांढरा होतो. बारीक धारसुद्धा भरल्यासारखी दिसते. उलट नाल्याला पूर असेल तर त्याची उसळी, गढूळपणा, वाहून आलेला पाचोळा, सगळं गुळगुळीत. म्हणजे पाणी किती होतं एवढंच नेमकं पुसलं जातं. आणि आम्हा गोंयकारांपुढे गेली कित्येक वर्षं तोच प्रश्न आहे. म्हादई नदीच्या जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला, कळसा-भांडुरा या कालव्यांच्या प्रकल्पासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला कर्नाटकाला मुभा मिळाली, गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला. चोर्ला घाटातल्या सुर्ल्यावरून दिसणारा वज्रा धबधबा ज्या नाल्याचा, तो कर्नाटकातूनच येतो. दहा वर्षांपूर्वी ऑगस्टात वज्राला पाणी कसं होतं असं उद्या कुणी विचारलं तर फोटोंचा ढीग निघेल आणि त्यातून काडीचं कळणार नाही.

म्हणून म्हणतो, म्हादईच्या खोऱ्यात शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. धुराची हौस दुसरीकडे भागवा.

कातळशिल्पी
सत्तरीकर बाब, जुलैत दरीच्या तळाशी कॅमेरा काढून बघा, मग १/५०० बद्दल बोलू. वर ढग, त्याखाली रान, दोन्ही बाजूंना कडे. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सचं छिद्र) ला शटर १/१५ मिळालं तरी नशीब. तिथून १/५०० ला जायचं तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे आयएसओ ३२००. ओल्या पानांवरची चकाकी काढायला पोलरायझर फिल्टर लागतो, तो आणखी दोनेक स्टॉप खातो. आता आयएसओ १२८०० आणि पानापानावर दाणे. उलट एफ/११ आणि पोलरायझर एवढंच ठेवलं तर शटर आपोआप अर्ध्या सेकंदावर येतं. एनडी फिल्टर मी दरीत पिशवीतून काढतसुद्धा नाही, तो उन्हातल्या धबधब्यासाठी. धूर आम्ही मुद्दाम घालतो हा समज काढून टाका. तिथला उजेडच तेवढा.

आणि १/५०० चा फोटो 'खरा' कसा? हवेत थिजून राहिलेले थेंब कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेत? डोळ्याला पाणी वाहताना दिसतं. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा इतक्या मंद होत्या की त्या काळच्या बहुतेक धबधब्यांच्या फोटोंत पाणी असंच आहे. ते सगळे लबाड होते काय?

साखळीकरीण
तुमचं शटर राहू द्या बाजूला. खोटेपणा रंगात आहे. पहिल्या मोठ्या पावसात हरवळ्याच्या धबधब्यावर जाऊन बघा, रुद्रेश्वराच्या देवळाबाजूला. पाणी तांबडंलाल असतं. जांभ्या दगडाची माती, डोंगर खणलेले, असायचंच. आणि त्याच आठवड्यातला फोटो नेटवर येतो तो दुधासारखा पांढरा, कारण एक स्लायडर ओढून लाल काढून टाकलेला असतो. शटर हळू ठेवणं ही निदान कॅमेऱ्याची गरज म्हणता येईल. पाण्यातली माती पुसणं ही कुणाची गरज? डिचोली तालुक्यात राहणाऱ्याला तो लाल रंग म्हणजे वरच्या डोंगराची खबर असते.

कातळशिल्पी
@साखळीकरीण, इथे तुमच्याशी भांडण नाही. मीसुद्धा तांबडं पाणी तांबडंच ठेवतो, आणि लोक विचारतात फोटो बिघडला काय म्हणून.

गाळमोजणी
पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो. फोटो १/५०० चा असो की चार सेकंदांचा, त्यातून पाण्याचं माप निघत नाही. सुर्ल्याच्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र लहान, घाट उभा. रात्री पाऊस झाला तर सकाळी वज्रा दणदणतो, दिवसभर उघडीप मिळाली की संध्याकाळी निम्मा. तुमचा एक फोटो म्हणजे त्या एका तासाचं पाणी. ते पावसाच्या आकड्याशी जोडलं नाही तर वळवल्यामुळे आटलं की उघडिपीमुळे, कोण सांगणार? प्रवाह मोजायला खाली म्हादईवर गांजे येथे केंद्रीय जल आयोगाचं केंद्र आहे. कोर्टात तिथले आकडे चालतात, तुमचे फोटो नाहीत.

सत्तरीकर
गांजे कुठे आणि सुर्ला कुठे! तिथे पोचेपर्यंत सगळे नाले, ओहोळ एकत्र झालेले असतात. वरचा एखादा नाला निम्मा झाला तरी खाली भर पावसात ते कळेल काय? वरच्या एकेका वझरावर (धबधब्यावर) मोजपट्टी नाही. आहे तो फक्त कठड्यावर दर शनिवारी-रविवारी उभा राहणारा कॅमेरेवाल्यांचा घोळका. मोजमाप नसेल, पण साक्ष तरी द्या. आणि कातळशिल्पी, दरीच्या तळाचं गणित मान्य, पण वज्रा तुम्ही तळातून काढतच नाही. सुर्ल्याच्या सड्यावरून, उघड्या आकाशाखाली काढता. तिथे १/५०० ला काय अडचण?

काणकोणचो
मला तिसरीच काळजी. धुराच्या फोटोसाठी ट्रायपॉड लागतो, आणि ट्रायपॉड लावायचा तर लोक नदीच्या पात्रातल्या खडकांवर जाऊन उभे राहतात. अर्धा-पाऊण तास पाठ वरच्या बाजूला, डोळा व्ह्यूफाइंडरला. वर घाटात पाऊस पडला की पाणी आधी गढूळ होतं, पाला-काटक्या यायला लागतात, आवाज बदलतो. हे बघायचं कुणी? २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर सरसकट बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. १/५०० वाला रस्त्यावरून हातात धरून फोटो काढतो आणि घरी जातो. तेवढ्यापुरतं माझं मत सत्तरीकरांना.

कातळशिल्पी
पाण्यात उतरतात ते पोहणारे, दारूच्या बाटल्या घेऊन आलेले आणि सेल्फीवाले. सात किलोची पिशवी पाठीवर असलेला माणूस निसरड्यावर पाय टाकताना दहादा विचार करतो. बंदी मात्र सगळ्यांना सारखी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम २८ वाचा. अभयारण्यात जायचा परवाना ज्या कारणांसाठी देता येतो त्यांत छायाचित्रणाचं नाव वेगळं घातलंय. कायद्याने आम्हाला पोहणाऱ्यांच्या रांगेत बसवलेलं नाही, ते काम बंदीच्या आदेशाने केलं.

काणकोणचो
परवाना द्यायचा की नाही हे त्याच कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकावर सोडलंय, तेही वाचा. 'देता येतो' म्हणजे 'द्यायलाच हवा' नव्हे. आणि सात किलोवाले घसरत नाहीत, हे कुठल्या कलमात?

उडता डोळा
ड्रोन वापरा, भांडण संपलं. वरून सगळं दिसतं.

साखळीकरीण
@उडता डोळा, परवानगीशिवाय अभयारण्यावर ड्रोन उडवून बघा, मग खाली काय दिसतं ते वनरक्षक दाखवतील.

गाळमोजणी
सत्तरीकरांचा साक्षीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण साक्ष शिस्तीने हवी. सुर्ल्याच्या कठड्यावर एक जागा ठरवा, तिथे रंगाने खूण करा. लेन्स एकच, समजा ५० मिमी, चौकट तीच. जून ते नोव्हेंबर, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी. कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली रॉ फाइल जपायची, सोबत आदल्या तीन दिवसांचा पाऊस लिहायचा. पाच-सात वर्षं असं झालं तर निदान बोलायला काही राहील. शटर वेगवान हवं हे मान्य, कारण धारेची रुंदी कातळावरच्या एखाद्या खुणेशी ताडून बघता येते. धुराच्या फोटोत धारेची कडच हरवते.

सत्तरीकर
हेच तर सांगत होतो! मी तयार आहे. वाळपईहून आणखी दोघं मिळतील.

कातळशिल्पी
खुणेवरून मीही काढून देईन, १/५०० ने. पण त्याच दिवशी त्याच जागेवरून माझा अर्ध्या सेकंदाचाही काढणार, आणि भिंतीवर टांगणार तो तोच. एकच शंका. जुलैत निम्म्याहून जास्त सकाळी त्या कठड्यावरून दरी दिसत नाही, वज्रा तर सोडाच. ठरलेल्या तारखेला धुकं असलं तर काय करायचं?

गाळमोजणी
धुक्याचाच काढायचा. वेळ टाकून.

कातळशिल्पी
त्याला तरी १/५०० ची सक्ती नाही ना, सत्तरीकर बाब?