मदत हवी आहे: वेट() केल्यावरही दुसरा थ्रेड अडकून राहतो (जावा)

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. कळमन्याच्या एका अडत्यासाठी संत्र्याच्या आवकीचा प्रोग्राम करतोय. एक थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा भाग) काट्यावरून आलेल्या गाड्या रांगेत टाकतो, दुसरा त्या उचलून पावत्या छापतो. गाड्यांची रीघ असेपर्यंत सगळं ठीक. रांग रिकामी झाली की दोघेही ठप्प! एरर नाही, सीपीयूही शांत.

जेस्टॅकमध्ये (थ्रेड कुठे थांबलेत ते दाखवणारं जावाचं साधन) पावतीचा थ्रेड ‘वेटिंग’ आणि काट्याचा ‘ब्लॉक्ड’ दिसतो. दोघेही आधी हिशेबवहीवर सिंक्रोनाइज्ड करतात (म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं तिचं लॉक घेतात), मग त्याच्या आत रांगेवर. क्रम एकच, म्हणजे नेहमीचा डेडलॉक (दोघे एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) नाही. पावतीवाला रांग रिकामी असेपर्यंत व्हाइल लूपमध्ये रांग.वेट() करतो, म्हणजे हाक येईपर्यंत थांबतो. स्लीप() लॉक धरून ठेवतो, वेट() सोडतो, हे ठाऊक आहे. मग काट्याचा थ्रेड अडतो कशावर? वेटला ५००० मिलिसेकंदांची मुदत दिली, तरी तेच. रांग आणि वहीतला आकडा जुळलाच पाहिजे, म्हणून वहीचं लॉक काढायची भीती वाटते. अंबिया बहाराचा माल सुरू व्हायच्या आत हे सोडवायचंय, कृपया मार्ग सांगा.

उत्तर:
भाऊ, वेट() ज्या ऑब्जेक्टवर केला फक्त त्याचंच लॉक सुटतं. तेच लॉक एकात एक दोनदा घेतलं असेल तर दोन्ही वेळचं सुटतं, पण दुसऱ्या ऑब्जेक्टला हात लागत नाही. तुमचा पावतीवाला हिशेबवही धरूनच झोपलाय. काट्यावाल्याला आधी तीच वही हवी, त्यामुळे तो रांगेपर्यंत पोचत नाही आणि नोटिफायऑल() (थांबलेल्यांना जागं करणारी हाक) कधी होतच नाही. मुदत संपली तरी रांग रिकामीच, म्हणून व्हाइल त्याला परत वेटमध्ये नेतो, वही हातातच.

जेस्टॅकने दिलेल्या डंपमध्ये खात्री करा. काट्याच्या थ्रेडखाली ‘वेटिंग टू लॉक’पुढे जो पत्ता आहे, तोच पावतीच्या थ्रेडखाली ‘लॉक्ड’पुढे दिसेल.

आकडा जुळायला दोन लॉक लागत नाहीत. रांग आणि वही दोन्ही एकाच लॉकखाली आणा, वेट आणि नोटिफायऑल त्याच ऑब्जेक्टवर करा. फक्त छपाई लॉकच्या बाहेर काढा. प्रिंटर हळू चालला तर काटा का थांबावा?

व्हाइल मात्र काढू नका. नोटिफायऑल() केल्याने लॉक लगेच मिळत नाही. हाक देणारा ब्लॉकमधून बाहेर पडल्यावर जागे झालेले थ्रेड ते पुन्हा मिळवायला धडपडतात, तोवर दुसऱ्याने रांग रिकामी केलेली असू शकते. शिवाय जावात थ्रेड विनाकारणही जागा होऊ शकतो.

पुढे ‘रांग भरली’ हीही अट आली, तर २००४ च्या जावा ५ पासून असलेलं रीएंट्रंटलॉक घ्या, त्या एकाच लॉकवर दोन कंडिशन (थांबण्याच्या वेगवेगळ्या अटी) करता येतात. तिथे वेट() नाही, अवेट() लिहायचं.